पहिली जानेवारी आणि वजीफायाब माणूस



सरकारी नोकरीतील एक नियम बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसतो. ज्या महिन्यात नोकराचे निवृत्तीचे वय पूर्ण होते, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो सेवामुक्त होतो. परंतु ज्याचा जन्म एक तारखेचा, त्याला मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीसच घरी जावे लागते. म्हणजे कागदोपत्री १ जानेवारीला जन्मलेली माणसे ३१ डिसेंबरला निवृत्त होतात. संध्याकाळी गळ्यात हार, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ती घरी येतात, आणि रात्री बारा वाजता शेजारीपाजारी फटाके उडू लागतात.

‘कागदोपत्री’ हा शब्द मी हेतुपुरस्सर योजला आहे. मी शिक्षिका आहे आणि शाळेच्या दाखल्यांची जुनी बाडे पुष्कळ चाळली आहेत. पूर्वी मूल शाळेत घालावयास आणले की आईबापांना जन्मतारीख आठवत नसे. ‘पुराच्या साली झाला’, ‘थोरलीच्या लग्नानंतर दोन पावसाळ्यांनी’ अशी उत्तरे मिळत. मग गुरुजी मुलाकडे एकवार पाहत आणि १ जून, १ जुलै किंवा १ जानेवारी अशी एखादी सोयीची तारीख टाकून मोकळे होत. त्या बापड्यांना कल्पनाही नसे, की पन्नास-पंचावन्न वर्षांनी या मुलाने कचेरीची पायरी कोणत्या दिवशी उतरावयाची हे आपण आताच ठरवीत आहोत!

निवृत्ती या शब्दाला आपल्या भाषेत मोठा मान आहे. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे त्यांच्या गुरूंचे, ते नाव. प्रवृत्ती आणि निवृत्ती या जोडीवर आपल्याकडे केवढा विचार झाला आहे. हैदराबादच्या जुन्या दरबारी उर्दूत मात्र निराळा शब्द होता. पेन्शन म्हणजे ‘वजीफा’, आणि पेन्शनर तो ‘वजीफायाब’. पूर्ण शब्दप्रयोग तर ‘वजीफा-ए-हुस्न-ए-खिदमत’ असा, म्हणजे सेवेच्या सौंदर्याबद्दल मिळणारे वेतन. सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांत राहणाऱ्या जुन्या मराठी घरांतूनही ‘आमचे आजोबा वजीफ्यावर आले’ असेच बोलत. निवृत्त म्हटले की काहीतरी सुटल्यासारखे वाटते. वजीफायाब म्हटले की काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. आज ज्यांच्याविषयी सांगावयाचे आहे ते हा दुसरा शब्दच वापरीत, म्हणून मीही तोच घेतला आहे.

ते माझ्या वडिलांचे स्नेही. आम्ही मुले त्यांना नुसते काका म्हणत असू. राज्य सरकारच्या एका कचेरीत ते वरिष्ठ कारकून होते. शाळेतल्या दाखल्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९२८. आता या तारखेचा हिशेब नीट ध्यानात ठेवा, कारण काका एकदा नव्हे, दोनदा निवृत्त झाले.

त्यावेळी आंध्र प्रदेशात निवृत्तीचे वय ५८ होते. जानेवारी १९८३ मध्ये राज्यात नवे सरकार आले आणि ८ फेब्रुवारीला त्याने वयोमर्यादा ५५ वर आणली. ज्यांची ५५ वर्षे आधीच पूर्ण झाली होती त्या सर्वांनी २८ फेब्रुवारीस सेवा सोडावी, असा हुकूम निघाला. वीस दिवसांची मुदत! सुमारे अठरा हजार सरकारी नोकर आणि सार्वजनिक उपक्रमांतले दहा हजार कर्मचारी या एका निर्णयाने घरी गेले. तरुणांना जागा मिळाव्यात हा त्यामागील युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही. परंतु कोणाच्या मुलीचे लग्न ठरलेले, कोणाच्या घराचे कर्ज अर्धे फिटलेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने १८ जानेवारी १९८५ रोजी निकाल दिला, की वय कमी करणे घटनेच्या विरुद्ध नाही. दरम्यान ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारी पातळीवर मर्यादा पुन्हा ५८ झालीच होती. मग मधल्या दीड वर्षात जे गेले आणि ज्यांची ५८ अजून भरली नाहीत, त्यांचे काय? हा दुसरा वाद १९८५ मध्येच त्यांच्या बाजूने सुटला आणि अशांना कामावर परत घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

काका त्या परत गेलेल्यांपैकी एक. पंचावन्न वर्षे दोन महिने वयाचे असताना ते पहिल्यांदा घरी आले, आणि उरलेले काही महिने भरून ३१ डिसेंबर १९८५ रोजी दुसऱ्यांदा. ‘मला निवृत्तीची पुरवणी परीक्षा द्यावी लागली, आणि तीत मी उत्तीर्ण झालो,’ असे ते मोठ्या मिस्कीलपणे सांगत. पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झालो होतो, हेही ते लपवीत नसत.

पहिल्या खेपेस काय झाले? मार्च १९८३ ची पहिली तारीख उजाडली. सवयीने काका साडेपाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि साडेनऊ वाजता बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. बसूनच राहिले. असे पुष्कळ दिवस चालले होते असे काकू सांगत. दुपारी कोणी दार वाजविले की ते झटकन उठत. जणू कचेरीतून शिपाईच आला आहे. वास्तविक पैशांची अडचण त्यांना फारशी नव्हती. मग गेले तरी काय होते?

माझ्या समजुतीप्रमाणे निवृत्तीच्या दिवशी पगारापेक्षाही एक मोठी गोष्ट जाते, आणि ती म्हणजे दिवसाची चौकट. पस्तीस वर्षे घड्याळाने माणसाला उठवलेले, चालवलेले, जेवू घातलेले असते. कचेरीचा कंटाळा करणारा माणूसही त्या कंटाळ्याच्या आधाराने उभा असतो. रविवार गोड का लागतो, तर सोमवार असतो म्हणून. सोमवार काढून घेतला की सातही दिवस बेचव होतात. त्यातच नाव जाते. काल ज्याला लोक ‘साहेब’ किंवा ‘हेडक्लार्कसाहेब’ म्हणत, त्याला आज दूधवाला ‘ताता’ म्हणतो. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. शब्द प्रेमाचाच आहे, परंतु तो कानाला सवयीचा व्हावयास वेळ लागतो. आणि जानेवारीत एक बारीकसा घाव आणखी बसतो. ज्यांना दरवर्षी कंत्राटदार आणि व्यापारी डायऱ्या आणि कॅलेंडरे आणून देत, त्यांना त्या वर्षी कोणीही डायरी देत नाही. ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. ज्याच्यावर आली आहे त्याला विचारून पाहा.

आता समाधान म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. सुख येते आणि जाते; ते बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असते हे आपण सर्वजण जाणतो. समाधान हा स्वभाव आहे, तो काहींना जन्मतः लाभतो, असा मात्र एक गैरसमज आहे. संत पौलाने तुरुंगातून फिलिप्पै येथील मंडळींस जे पत्र लिहिले, त्यात त्याने विपुलतेत आणि टंचाईतही तृप्त राहणे आपण शिकलो आहोत, असे सांगितले आहे. मला त्यातील ‘शिकलो’ हे क्रियापद फार मोलाचे वाटते. शिक्षिकेला ते वाटणारच! पौल हा स्वभावाने काही शांत मनुष्य नव्हता. त्याची पत्रे वाचणाऱ्याला त्याचा तापटपणा जाणवल्यावाचून राहत नाही. जे शिकता येते ते साठाव्या वर्षीही शिकता येते, आणि जे शिकावयाचे त्याला सराव लागतो, चुका लागतात, कधीकधी पुरवणी परीक्षाही लागते.

आमच्या कॅथोलिक उपासनेत वर्षअखेरचा एक योग असा आहे की तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नाताळची गर्दी ओसरली की २९ आणि ३० डिसेंबरच्या मिस्सांत लूकच्या शुभवर्तमानातील जो भाग वाचला जातो, त्यात दोन म्हातारी माणसे येतात. एक शिमोन, दुसरी हन्ना. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा ती दोघे तेथे होती. शिमोनाचे वय लूकने सांगितलेले नाही. चित्रकारांनीच त्याला पांढरी दाढी दिली. हन्नेविषयी मात्र ८४ हा आकडा आहे, आणि लग्नानंतर सातच वर्षांनी तिला वैधव्य आले हेही आहे. वर्ष संपता संपता चर्च आपल्यापुढे या वृद्धांना उभे करते, हे मला अर्थपूर्ण वाटते. हन्नेचा दिवस कसा जात असे? ती मंदिर सोडून जात नसे, प्रार्थना आणि उपवास करी, आणि ते बालक पाहिल्यावर आशेने वाट पाहणाऱ्या सर्वांशी त्याच्याविषयी बोलू लागली. म्हणजे तिच्या दिवसाला जागा होती, नेम होता, आणि ज्यांच्याशी बोलावे अशी माणसे होती. काकांच्या खुर्चीला या तीनही गोष्टी नव्हत्या.

त्यांना त्या मिळाल्या त्या अगदी अचानक. गल्लीतल्या एका मृत शिपायाची विधवा एक कागद घेऊन आली. नवऱ्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. दोन वर्षे ती लोकांची भांडी घासून दिवस काढीत होती. काकांनी अर्ज लिहिला, कोणते दाखले जोडावयाचे ते सांगितले, आणि तिला बरोबर घेऊन दोन-तीन ठिकाणी हेलपाटे घातले. काम झाले. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी आल्या. पाहता पाहता काकांच्या ओसरीवर रोज दहा ते एक कचेरी भरू लागली. कोणाचा हयातीचा दाखला, कोणाच्या नावातील एका अक्षराची चूक. पस्तीस वर्षे ज्या नियमांचा काकांना कंटाळा आला होता, तेच नियम आता त्यांना कोणाच्या तरी चुलीसाठी उपयोगी पडू लागले. कामावर परत बोलावले तेव्हा काकांनी काकूंना विचारले म्हणे, ‘माझ्या ओसरीवरच्या लोकांचे काय?’ मग ते कचेरीतून आल्यावर संध्याकाळी बसू लागले. डिसेंबरअखेर दुसऱ्यांदा हार घालून घरी आले, आणि १ जानेवारी १९८६ च्या सकाळी दहा वाजता ओसरीवर तीन माणसे बसलेली होती.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. समाधानाचा उपदेश करणे सोपे असते, विशेषतः ज्याला महिन्याच्या महिन्याला पेन्शन मिळते त्याला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो नोकराने सेवेने मिळविलेला हक्क आहे. त्या पीठाचे प्रमुखही न्यायमूर्ती चंद्रचूडच होते. पेन्शनर लोक आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना वयाच्या ८० व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, आणि शंभरी गाठली तर ती दुप्पट होते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत, सैन्यदले वगळून, जे नव्याने लागले त्यांना ही जुनी पद्धत लागू राहिली नाही. त्यांच्या पगारातून कापलेला आणि सरकारने भर घातलेला पैसा बाजारात गुंतविला जातो. खाजगी शाळांतून आणि कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्यांची स्थिती तर याहून अवघड आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये अशी २०१४ मध्ये ठरली. हजार रुपयांत औषधांचा खर्चही भागत नाही. अशा माणसाला ‘समाधानी राहा’ असे सांगणारा, त्याच्या हक्काचा अर्ज लिहून देणार नसेल, तर त्याने गप्प बसलेले बरे. समाधान म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. काकांनी वयोमर्यादेविरुद्धच्या लढ्याला वर्गणी दिली होती, आणि त्याच काळात ओसरीवर ते हसतमुखही होते. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

निवृत्तीचे वय मग पुढे सरकतच गेले. केंद्रात १९६२ मध्ये ५५ चे ५८ झाले होते, १९९८ मध्ये ६० झाले. आमच्या तेलंगण राज्यात २०२१ मध्ये ५८ चे ६१ झाले. माणसे अधिक जगू लागली हे त्याचे एक कारण. पूर्वी पेन्शनीत आलेला मनुष्य थोडी वर्षे काढी. आता वीस-पंचवीस वर्षे काढावयाची असतात. हे एक दुसरे आयुष्यच झाले. सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९१० साली निलंग्यास जन्मलेला हा गृहस्थ हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होता. आदिलाबादकडे असताना गोंडी शिकला, फार्सी आणि उर्दू तर हातचीच होती. पुढे मुंबईत गॅझेटियरचे संपादन केले, आणि सरकारी खुर्ची सुटल्यावरही शिवकालाचा अभ्यास अन् लेखन चालूच ठेवले. १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९९४ मध्ये ते गेले. नोकरीत असतानाच त्यांनी उर्दू-फार्सीचे जे बी पेरले होते, त्याचे पीक त्यांनी म्हातारपणी घेतले. पी. व्ही. नरसिंह राव यांची कथा तर जगजाहीर आहे. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा हा मराठी जाणणारा माणूस १९९१ च्या निवडणुकीला उभाच राहिला नाही. दिल्लीहून हैदराबादला परतण्यासाठी त्यांची पुस्तके बांधली जात होती. त्याच वर्षी २१ जूनला त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. अर्थात हे अपवाद. सर्वांनीच ग्रंथ लिहू लागावे अशी अपेक्षा करणे हा वाचकांवर अन्याय होईल!

सर्वसामान्य माणसाला लहान गोष्टी पुरतात, आणि हैदराबादेत जानेवारी महिना अशा गोष्टींनी भरलेला असतो. सकाळी बाग-ए-आममध्ये फिरावयास येणाऱ्यांत निम्मे वजीफायाब. तेथून बाहेर पडून इराण्याच्या दुकानात एक चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे. अफजलगंजच्या सरकारी ग्रंथालयात उर्दू, तेलुगू, मराठी पुस्तके शेजारी शेजारी. वर्तमानपत्रांच्या टेबलावर तर जागा धरावयास लवकर जावे लागते. संध्याकाळी नामपल्लीची नुमाइश. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये हे प्रदर्शन बाग-ए-आममध्येच सुरू केले, १९४६ पासून ते नामपल्लीच्या मैदानावर भरू लागले. बहुतेक वर्षी १ जानेवारीला त्याचे दरवाजे उघडतात ते ४६ दिवसांसाठी. काका दरवर्षी पहिल्याच आठवड्यात आम्हा मुलांना घेऊन जात. काश्मिरी शालींना हात लावून पाहत, लखनौच्या कपड्यांचा भाव विचारीत, आणि काहीही न घेता तीन तास हिंडत. शेवटी आम्हा प्रत्येकाला मिरचीभजी. ‘कामाला असताना मी येथे फक्त खरेदी करावयास येत असे. पाहावयास आता येतो,’ असे ते एकदा म्हणाले होते.

आणखी एक विषय राहिला, आणि पुरुष श्रोत्यांना तो कदाचित रुचणार नाही. घरातली बाई कधी निवृत्त होते? काका पहिल्या खेपेस घरी बसले तेव्हा त्यांनी महिन्याभरात स्वयंपाकघराची तपासणी आरंभिली. डबे अकारविल्हे लावले, तेलाचा हिशेब मागितला, फोडणीच्या वेळा ठरवून दिल्या. काकूंनी आठ दिवस सोसले आणि नवव्या दिवशी सांगितले, ‘या कचेरीत तुमची बदली झालेली नाही.’ घरातील निम्मी भांडणे निवृत्त माणसाच्या रिकाम्या अधिकारातून होतात, असे माझे निरीक्षण आहे. पुढे ओसरीचे काम सुरू झाल्यावर काका रोज सकाळची भाजी निवडून देऊ लागले, आणि गुरुवारी संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला. खिचडीपलीकडे त्यांची मजल गेली नाही. परंतु काकू गुरुवारी संध्याकाळी बहिणीकडे जाऊन बसू लागल्या, आणि त्यांच्या आयुष्यातील ती पहिली सुटी होती, असे त्यांनीच मला सांगितले.

काका वयाची ऐंशी ओलांडून गेले. त्यांच्या ट्रंकेत डायऱ्या सापडल्या, १९८६ पासूनच्या ओळीने सगळ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः सुलतान बाजारात जाऊन आपल्या पैशांनी डायरी विकत आणीत. मला वाटले होते, आत हिशेब असतील. हिशेब नव्हते. दर दिवसाच्या पानावर एकच ओळ असे. कोणाचा अर्ज लिहिला, कोण भेटले, काय चांगले झाले. काही पाने कोरी होती. त्या दिवशी काही चांगले घडले नसावे, आणि खोटे लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. १ जानेवारी १९८६ च्या पानावर तिन्ही अर्जदारांची नावे आहेत, आणि खाली लिहिले आहे : ‘दुपारी झोप छान लागली. संध्याकाळी मुलांसह नुमाइश.’